भिंतीवर नेट झिरो, भिंतीमागे नाला

प्रश्न ऐरोलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "निवृत्तीच्या पैशांतले सहा लाख 'जबाबदार गुंतवणूक' करणाऱ्या म्युच्युअल फंडात टाक, असं मुलगा म्हणतो. फंडाची यादी उघडली तर त्यात आमच्याच औद्योगिक पट्ट्यातली एक कंपनी निघाली. तिच्या कुंपणाच्या भिंतीवर झाडं आणि पक्षी रंगवलेत, खाली मोठ्या अक्षरांत 'नेट झिरो' लिहिलंय. त्याच भिंतीमागच्या नाल्याचा वास रात्री अकरानंतर आमच्या खिडकीत येतो. सोसायटीने दोनदा पत्र दिलं, काही झालं नाही. मग हे सगळं ढोंग समजायचं का? आणि पैसे टाकू की नको?"

ताई, मी गुंतवणूक सल्लागार नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्यात मिळून सव्वीस वर्षं झाली. आधी कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प, म्हणजे ईटीपी, चालवले. गेली काही वर्षं कंपन्या आपल्या अहवालात पाणी, वीज, धूर, कचऱ्याचे जे आकडे छापतात ते तपासायला जातो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा नाल्याकडचा भाग मला जवळून माहीत आहे आणि पैशाकडचा भाग कामापुरता. दोन्हींबद्दल सांगतो, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

इतक्या वर्षांत सरळसरळ खोटा आकडा मला फार कमी वेळा सापडला. आकडा बहुतेक वेळा खरा असतो. गोम असते ती त्याच्या हद्दीत. कुठपर्यंतचं मोजलं, कुठे रेघ मारली आणि रेघेबाहेर काय ढकललं, हे कळल्याशिवाय कुठल्याही हिरव्या आकड्याला अर्थ नाही. ज्याला ग्रीनवॉशिंग म्हणतात तो हिरवा मुलामा बहुतेक ठिकाणी या रेघेनेच चढवलेला असतो.

एक उदाहरण देतो, नाव सांगणार नाही. कापडावर प्रक्रिया करणारी एक कंपनी होती. अहवालात लिहिलं होतं की दोन वर्षांत पाण्याचा वापर एक तृतीयांशाने कमी केला. मी पाण्याची बिलं पाहिली, मीटर पाहिला, टँकरच्या पावत्या पाहिल्या. आकडा बरोबर होता. पण रंगाईच्या शेडमध्ये गेलो तर निम्मी यंत्रं थंड. लादी कोरडी, गटारात कोळ्याची जाळी. विचारल्यावर सुपरवायझर सहज म्हणाला, "साहेब, ते काम आता भिवंडीला देतो, जॉबवर्कला." म्हणजे पाणी वाचलं नव्हतं, त्याने पत्ता बदलला होता. तेच कापड, तोच रंग, तेवढंच पाणी. फक्त आता ते अशा ठिकाणी वापरलं जात होतं जिथे ईटीपी नावालाच होता. कारखान्याची हद्द ओलांडली आणि अहवालातून तो सगळा मामला नाहीसा झाला. त्या कंपनीला त्या वर्षी पाणी बचतीचा पुरस्कारही मिळाला. मी माझ्या टिपणात जॉबवर्कचा मुद्दा लिहिला, तो छापील अहवालात आला नाही. ती गोष्ट मला आजही बोचते.

आता तुमच्या भिंतीवरचं 'नेट झिरो'. या शब्दाचा सरळ अर्थ असा की वातावरणात जेवढा कार्बन सोडतो तेवढाच काढून घेतो. पण कोणाचा कार्बन? मोजणीचे तीन कप्पे असतात, त्यांना स्कोप म्हणतात. स्कोप १ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या चिमणीतून, बॉयलरमधून, जनरेटरमधून निघतं ते. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचा धूर. तो आपल्याला दिसत नाही, चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या चिमणीतून निघतो. स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं: कच्चा माल बनवणारे, ट्रक, टँकर, जॉबवर्क, माल विकल्यावर ग्राहकाकडे होणारं उत्सर्जन. बऱ्याच उद्योगांत तिसरा कप्पा पहिल्या दोघांहून कितीतरी मोठा असतो. आणि भिंतीवरची घोषणा बहुतेक वेळा पहिल्या दोनांपुरतीच असते. काही ठिकाणी तर ती फक्त मुख्य कार्यालयाच्या इमारतीपुरती असते, कारखाना त्यात नसतोच. अहवालात तळटीप असते, भिंतीवर तळटीप नसते.

स्कोप २ शून्यावर आणायची एक सोपी वाट आहे. अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं बाजारात मिळतात. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॉट-तास, आपल्या भाषेत हजार युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कंपनी वर्षभर महावितरणचीच वीज वापरते, शेवटी तेवढ्या युनिटांची प्रमाणपत्रं घेते आणि कागदावर स्कोप २ शून्य दाखवते. नियमाने यात चूक नाही. पण स्वतःच्या छतावर सौर पॅनल बसवणं किंवा सोलापूर-धुळ्याकडच्या प्रकल्पाशी दीर्घ मुदतीचा वीज करार करणं वेगळं आणि मार्चअखेर प्रमाणपत्रं घेणं वेगळं. पहिल्यात नवी वीज उभी राहते, दुसऱ्यात ती राहतेच असं नाही. म्हणून मी नेहमी दोन आकडे मागतो: प्रमाणपत्रं धरून किती आणि न धरता किती. दोन्ही छापणाऱ्या कंपनीबद्दल माझं मत लगेच सुधारतं.

या शब्दाला कडक मोजमापही आहे. कंपन्यांची हवामान उद्दिष्टं तपासणारी एसबीटीआय नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या २०२१ च्या मानकाप्रमाणे नेट झिरो म्हणवून घ्यायचं तर उत्सर्जन आधी किमान ९० टक्क्यांच्या आसपास खरोखर कमी करावं लागतं आणि उरलेला थोडा भागच झाडं किंवा इतर मार्गांनी भरून काढता येतो. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. आधी झाडं लावल्याचा फोटो येतो, बॉयलरमधला कोळसा तसाच राहतो.

हद्दीइतकीच फसवी दुसरी जागा म्हणजे भाजक. "प्रति रुपया उलाढाल उत्सर्जन १२ टक्क्यांनी घटलं" असं वाक्य वाचलंत की थांबा. उलाढाल वाढली ती माल जास्त निघाला म्हणून की मालाचा भाव वाढला म्हणून? रसायनांचे भाव चढले त्या वर्षी काहीही न करता कित्येकांची ही टक्केवारी सुंदर झाली. धूर तेवढाच होता, खालचा आकडा मोठा झाला. म्हणून प्रति टन उत्पादन किती ते पाहायचं आणि एकूण किती तेही पाहायचं. खाडीला टक्केवारी कळत नाही, तिला एकूणच भोगावं लागतं. तिसरी गोष्ट आधारवर्ष. तुलना २०२०-२१ शी केली असेल, म्हणजे टाळेबंदीच्या वर्षाशी, तर पुढची वाढ मोठी दिसते. २०१८ सारखं भरात असलेलं वर्ष धरलं तर घट मोठी दिसते. कोणतं वर्ष धरलं आणि का, याचं कारण अहवालात एका ओळीत तरी हवं.

तुम्ही विचाराल, मग तपासणारे काय तपासतात? ते तुम्हाला कळावं म्हणून रबाळ्याच्या एका कारखान्यातली सकाळ सांगतो. ईटीपीच्या लॉगबुकात तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. रोजचा पीएच, रोजचा सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप), आत आलेलं पाणी, बाहेर गेलेलं पाणी. सगळे आकडे मर्यादेत. पण तिन्ही महिन्यांची शाई एक, अक्षर एक, पानं कोरी करकरीत. ईटीपीवर काम करणाऱ्याचं लॉगबुक असं नसतं. त्यावर चुन्याचे पांढरे ठसे असतात, पानाचे कोपरे ओले होऊन फुगलेले असतात. मी त्यावर काही बोललो नाही. ईटीपीच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या विजेचा वेगळा सबमीटर होता, त्याचं रीडिंग घेतलं. मग सांडपाण्यावर प्रक्रियेला लागणाऱ्या चुना आणि फेरसच्या खरेदीची बिलं मागितली. मग गाळ किती निघाला ते विचारलं.

पाण्याचा आकडा लिहून काढता येतो, गाळाचा काढणं अवघड. रासायनिक सांडपाण्यावर खरोखर प्रक्रिया झाली तर गाळ निघतोच. घातक कचऱ्याच्या नियमांत त्याचा वर्ग ३५.३ आहे. तो कुठेही टाकता येत नाही. आपल्या भागातला तळोज्याच्या सामायिक केंद्रात जातो, सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचं नोंदपत्र, जातं, वजनकाट्याची पावती येते, पैसे भरावे लागतात. म्हणजे त्याची नोंद तीन ठिकाणी असते. त्या कारखान्यात कागदावर जेवढ्या पाण्यावर प्रक्रिया झाली होती, त्या मानाने गाळ जवळजवळ नव्हताच. ब्लोअरचा मीटर सांगत होता की तो दिवसातून काही तासच चालतो. मग उरलेलं पाणी कुठे गेलं असेल? तुमच्या खिडकीत रात्री अकरानंतर येणाऱ्या वासाचं कारण मी इथे बसून सांगू शकत नाही, पण कारखान्यांच्या पट्ट्यात वास रात्रीच का येतो हा प्रश्न पडायलाच हवा. रात्री तपासणीला कोणी येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्यांनी हे वेळोवेळी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये तिथलाच एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. पलीकडे रायगडात, तळोज्याला, २०१७ च्या ऑगस्टमध्ये निळी कुत्री फिरताना दिसली. कासाडी नदीच्या बाजूला अन्न शोधणाऱ्या त्या मुक्या जिवांच्या अंगावर कारखान्याचा रंग चढला होता. त्या वर्षीही अनेक कंपन्यांच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर पिंपळाचं पान होतं.

आता फंडाकडे येऊ. ती कंपनी जबाबदार फंडात आलीच कशी, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

जबाबदार गुंतवणुकीची चळवळ मोठी झाली ती गेल्या वीस वर्षांत. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने सहा तत्त्वं जाहीर झाली. आज त्यांवर सह्या करणाऱ्या संस्था पाच हजारांवर आहेत. आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०१२ मध्ये पहिल्या शंभर कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल द्यायला लावला आणि २०२१ मध्ये त्याचं नवं, बरंच तपशीलवार रूप आणलं: बीआरएसआर. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. २०२०-२१ च्या सुमारास एकामागून एक ईएसजी फंड बाजारात आले. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार. त्यातले बरेच फंड उघडून पाहिले तर आत त्याच मोठ्या बँका आणि त्याच माहिती तंत्रज्ञान कंपन्या, ज्या साध्या निर्देशांक फंडातही असतात. बँकेला चिमणी नाही, म्हणून ती स्वच्छ दिसते. तिने कर्ज कोणाला दिलं ते स्कोप ३ मध्ये येतं, आणि तिथे पुन्हा तीच रेघ.

सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी फंडांना शिस्त लावली आणि ते काम चांगलं झालं. सहा पद्धती ठरवल्या: काही उद्योग वगळणारा फंड, ईएसजी निकष आर्थिक निकषांसोबत विचारात घेणारा, प्रत्येक क्षेत्रातले त्यातल्या त्यात चांगले निवडणारा, परिणाम मोजून गुंतवणारा, शाश्वत उद्दिष्टांचा, आणि संक्रमणाचा, म्हणजे मळलेल्या उद्योगाला स्वच्छतेकडे नेणाऱ्यांचा. फंडाच्या नावातच आपली पद्धत लिहावी लागते. किमान ८० टक्के रक्कम त्या पद्धतीने गुंतवावी लागते आणि उरलेलीही तिच्या विरोधात जाता कामा नये. ताई, तुमच्या फंडाचं पूर्ण नाव वाचा. त्यात 'एक्स्क्लुजन' असेल तर योजनेच्या माहितीपत्रात काय वगळलंय याची यादी मिळेल. 'इंटिग्रेशन' किंवा 'बेस्ट इन क्लास' असेल, तर तुमच्या नाल्याशेजारची रसायन कंपनी त्यात असण्यात नियमभंग नाही. दहा रसायन कंपन्यांत ती तिसरी असेल, तरी ती वर्गातली चांगली ठरते. वर्गच नापास असेल तर काय, हे त्या पद्धतीत विचारलेलं नसतं.

मानांकनांचंही तसंच. ईएसजी मानांकन हे कंपनी खाडीला किती त्रास देते याचं मोजमाप आहे, असा लोकांचा समज असतो. बरीच मानांकनं उलट बाजूने मोजतात: पर्यावरणाच्या कारणांनी कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे. दंडाची शक्यता कमी असेल तर गुण चांगले. शिवाय मोजणाऱ्यांचं आपसांत जुळत नाही. एमआयटीच्या संशोधकांनी सहा संस्थांची मानांकनं ताडून पाहिली तेव्हा त्यांचा सरासरी सहसंबंध ०.५४ निघाला (पूर्ण जुळलं तर तो १ असतो), कर्जफेडीची मानांकनं जवळजवळ तंतोतंत जुळतात. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० च्या ईएसजी निर्देशांकातून विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर पडली आणि तेल कंपनी एक्सॉनमोबिल आत राहिली. त्यामागे कारणं होती, कामगारांच्या तक्रारींपासून क्षेत्रनिहाय तुलनेपर्यंत. पण सामान्य गुंतवणूकदाराने 'ईएसजी' या तीन अक्षरांकडून काय अपेक्षा ठेवावी, ते त्या दिवशी कळलं.

फंड चालवणारेही मुलामा देतात. जर्मनीतल्या डीडब्ल्यूएस या मोठ्या फंड कंपनीवर तिच्याच शाश्वतता विभागाच्या माजी प्रमुखांनी आरोप केला की ईएसजी तपासणीबद्दल गुंतवणूकदारांना जेवढं सांगितलं जातं तेवढं प्रत्यक्षात होत नाही. मे २०२२ मध्ये फ्रँकफर्टच्या कार्यालयावर छापा पडला, मुख्य अधिकारी पायउतार झाले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने या कारणासाठी १.९ कोटी डॉलरचा दंड घेतला आणि २०२५ मध्ये जर्मन सरकारी वकिलांनी २.५ कोटी युरोचा. तिथे आतल्या माणसाने तोंड उघडलं म्हणून ते बाहेर आलं. आपल्याकडे तोंड उघडणाऱ्याची नोकरी जाते आणि पट्ट्यात दुसरीकडेही मिळत नाही. माझ्या ओळखीत असे दोघे आहेत.

आकडे तपासून घेण्याची सक्तीही आता आली आहे. बीआरएसआरमधले नऊ विषय वेगळे काढून त्यांना बीआरएसआर कोअर म्हटलं गेलं. त्यांची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी पहिल्या दीडशे कंपन्यांपासून, २०२३-२४ पासून सुरू झाली आणि २०२६-२७ पर्यंत पहिल्या हजारांपर्यंत जायची आहे. त्यात प्रति रुपयाबरोबर प्रति उत्पादनही सांगावं लागतं, म्हणजे भाजकाचा खेळ थोडा आवरतो. हद्दीच्या बाबतीत मात्र मला समाधान नाही. पुरवठादारांची माहितीही द्यावी असं आधी ठरलं, मग ते वर्षभराने पुढे ढकललं गेलं, ऐच्छिक झालं, आणि एकूण खरेदी किंवा विक्रीत ज्यांचा वाटा २ टक्के किंवा जास्त आहे अशांपुरतं मर्यादित झालं. भिवंडीच्या त्या जॉबवर्कवाल्याचा वाटा २ टक्के नसणार. तो आजही रेघेबाहेरच आहे. लहान उद्योगांवर कागदांचं ओझं टाकू नये हे मला मान्य आहे. पण मोठ्या कंपनीने घाण काम कोणाकडे सोपवलं, एवढं तरी एका ओळीत लिहायला हवं, वाटा कितीही असो. माझं हे मत मी सेबीच्या सूचना मागवण्याच्या वेळीही कळवलं होतं.

जाहिरातींसाठी वेगळा नियम आहे आणि तो तुमच्या भिंतीलाही लागू पडू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'पर्यावरणस्नेही', 'हरित', 'स्वच्छ' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. पुढच्या काळाबद्दलचं वचन असेल, म्हणजे अमुक सालापर्यंत नेट झिरो, तर त्यासाठी ठोस कृती आराखडा असावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. ज्या कंपनीचा माल आपण थेट घेत नाही तिच्याबाबत ही वाट किती चालते ते प्रकरणावर ठरेल, पण तक्रार नोंदवायला काही अडचण नाही.

हा नियम मला सर्वात आधी आपल्याकडच्या घरांच्या जाहिरातींना लावावासा वाटतो. ठाण्यात घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराकडे खिडकी उघडली की 'जंगलाच्या कुशीत', पाम बीच रोडला 'फ्लेमिंगो व्ह्यू'. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. नेरुळच्या तलावाकडे येणारे फ्लेमिंगो २०२४ च्या उन्हाळ्यात मरून पडले, तेव्हा भरतीचं पाणी आत येण्याची वाट बंद झाल्याचं लोक ओरडून सांगत होते. ज्या दृश्याच्या जोरावर फ्लॅट विकला जातो ते दृश्यच अशा बांधकामांनी संपतंय. जाहिरातीत 'हरित इमारत, पूर्व-प्रमाणित' असं दिसलं तर एवढं लक्षात ठेवा की पूर्व-प्रमाणपत्र नकाशा पाहून मिळतं. इमारत उभी राहिल्यावरचं अंतिम प्रमाणपत्र वेगळं असतं, ते मागा.

आता पैशाचं. सहा लाख टाकू की नको?

मी तुमच्या जागी असतो तर आधी एवढं पाहिलं असतं की पाच-सात वर्षं हे पैसे लागणार नाहीत ना. ईएसजी फंड शेअर बाजारातलाच फंड आहे, बाजार पडला की तोही पडतो. हिरवं नाव त्याला सावरत नाही. निवृत्तीची रक्कम असेल तर सगळे सहा लाख एकदम मी तरी टाकले नसते. औषधपाण्याचे, घरखर्चाचे वेगळे ठेवून उरलेल्यातला काही भाग, तोही महिन्या-महिन्याने. आणि हे सगळं एकदा नोंदणीकृत सल्लागाराला दाखवून, जो फंडाच्या कमिशनवर जगत नाही.

जोखीम नको असेल आणि तरी पैसा चांगल्या कामाला लागावा असं वाटत असेल, तर दोन गोष्टी आहेत. काही बँका हरित ठेवी घेतात. रिझर्व्ह बँकेची त्यासाठीची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे; त्या पैशातून कर्ज कशाला दिलं याची दरवर्षी बाहेरच्यांकडून तपासणी करून घ्यावी लागते. बँकेत जाऊन तो तपासणी अहवाल मागा. दुसरं, केंद्र सरकारचे हरित रोखे. पहिल्यांदा जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन टप्प्यांत १६ हजार कोटींचे निघाले. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सरकारी रोखे घरबसल्या घेता येतात. व्याज फार नाही, पण मुद्दल सरकारच्या हमीचं.

आणि फंड घ्यायचाच असेल तर मी त्याच्या पोर्टफोलिओपेक्षा त्याचं मतदान आधी वाचेन. एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं आणि ते संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. ईएसजी फंडांना कारणही लिहावं लागतं. पानभर फक्त "बाजूने, बाजूने, बाजूने" असेल आणि कारणाच्या रकान्यात "नियमाप्रमाणे" एवढंच, तर तो फंड तुमच्या पैशाने कोणालाही काही विचारत नाही. एखाद्याने संचालकांच्या नेमणुकीला विरोध केलाय, उत्सर्जनाचा तपशील मागितलाय असं दिसलं, तर तो कामाचा. जबाबदार गुंतवणुकीवर माझा विश्वास आहे तो याच कारणाने. चांगली कंपनी घेऊन स्वस्थ बसल्याने नाला स्वच्छ होत नाही. मोठ्या भागधारकाने बैठकीत प्रश्न विचारला की कारखान्याच्या व्यवस्थापकाला दुसऱ्या दिवशी फोन येतो. तो फोन आल्यावर ब्लोअर चोवीस तास चालताना मी पाहिलाय. प्रदूषण मंडळाच्या तीन नोटिसांनी जे झालं नव्हतं ते एका फंडाच्या पत्राने झालं.

तुम्हाला स्वतःलाही एक काम करता येईल. त्या कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवा, त्यातच बीआरएसआर असतो. पहिल्या भागात तक्रारींचा एक तक्ता येतो. त्यात पहिलीच ओळ समुदायाची, म्हणजे कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांची: वर्षात तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती बाकी. मग बीआरएसआरच्याच सहाव्या तत्त्वाखाली, म्हणजे पर्यावरणाच्या भागात, पर्यावरण कायद्यांचं पालन झालं की नाही, दंड किंवा कारवाई झाली का, याचा तक्ता आहे तो पाहा. सांडपाणी कुठे सोडलं आणि प्रक्रियेनंतर सोडलं का, तेही त्याच भागात मिळेल. शेजारी प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र उघडून ठेवा. संमतीपत्रात रोज किती घनमीटर सांडपाणी सोडायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, पट्ट्यात त्याला सीएमडी म्हणतात. त्याला कामाच्या दिवसांनी गुणा आणि अहवालातल्या आकड्याशी ताडून बघा. तुम्ही गणित शिकवलंय की मराठी ते माहीत नाही, पण हा हिशेब सातवीच्या पुढचा नाही. कंपनीला पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म पाच, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यावं लागतं. त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते.

सोसायटीने दिलेली दोन पत्रं आणि त्यांच्या पोच जपून ठेवल्यात ना? समुदायाच्या ओळीत त्या वर्षी शून्य लिहिलेलं असेल, तर तुमच्या हातात असा कागद आहे जो तपासणाऱ्याकडेही नव्हता. कंपनीचा एक शेअर घ्या. एक शेअर असला तरी वार्षिक सभेत बोलता येतं. सभा बहुतेक ठिकाणी आता ऑनलाइन होते. बोलायचं असेल तर नाव कधीपर्यंत आणि कुठे कळवायचं ते सभेच्या नोटिशीत असतं. तिथे दोन्ही पत्रांच्या तारखा वाचून दाखवा आणि विचारा की त्या तक्त्यात या का नाहीत. मराठीत विचारलंत तरी चालेल. त्याच मजकुराचं पत्र फंडाच्या गुंतवणूकदार कक्षाला आणि कंपनीचा अहवाल तपासणाऱ्या संस्थेलाही पाठवा. तिचं नाव अहवालातच असतं. माझ्यासारख्या माणसाच्या टेबलावर ते पत्र पुढच्या तपासणीआधी आलं, तर आम्हाला रात्री अकरानंतर तिथे जाऊन उभं राहण्याचं लेखी कारण मिळतं.